पापनाशमच्या रस्त्यावर उभं राहून सांगा

"वेधशाळेने पाऊस सांगितलाय ना? मग छत्री घरीच ठेवा." मी शाळेत होतो तेव्हाही हा विनोद जुनाच होता, आणि तेव्हा मीही हसायचो. आता हसू येत नाही, कारण या विनोदाचं धोरण झालं आहे. जे वाक्य कट्ट्यावर चहाबरोबर यायचं, तेच आज अर्थव्यवस्थेची भाषा बोलत फायलींतून फिरतं आहे, आणि शिकलेली, एरवी शहाणी माणसं त्याला मान डोलावत आहेत.

हे म्हणणं आधी नीट मांडतो, त्याची धार मुळीच बोथट न करता. हवामान खात्याचे अंदाज चुकतात. ज्याला पाऊस बघायचा आहे त्याच्या खिशात मोबाइल आहे, त्यात तासातासाचा पाऊस दिसतो. उपग्रह वरून पाहतात, यंत्रं आपोआप मोजतात, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात पगार देऊन माणसं ठेवायचं कारण उरलेलं नाही. शेतकऱ्याला आपल्या पिकापुरता खास सल्ला हवा असेल तर त्याने त्याचे पैसे मोजावेत. सरकारने चक्रीवादळाचा इशारा द्यावा आणि बाकीचं बाजारावर सोडावं.

ही नुसती बडबड नाही. देशभरात १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रं होती. ती कृषी विज्ञान केंद्रांत चालत आणि प्रत्येकात दोनच माणसं असत: एक विषयतज्ज्ञ आणि एक निरीक्षक. २०२४ च्या सुरुवातीला ती सगळी बंद करण्याचा आदेश निघाला. त्यामागची जी कारणं वृत्तपत्रांतून समोर आली, त्यांत हेच दोन मुद्दे होते: माहिती आता आपोआप गोळा होते, आणि या सेवेचे पैसे घ्यायला हवेत. दोन माणसांचा पगार देशाला जड झाला!

ज्यांना हे पटतं त्यांनी जानेवारीच्या अखेरीस तंजावर जिल्ह्यातल्या पापनाशमला यावं. तंजावरहून कुंभकोणमला जाताना लागणारं, कुडमुरुट्टी नदीकाठचं हे तालुक्याचं गाव. इथल्या पालैवननाथ मंदिराच्या आवारात नायक राजांच्या काळातलं विटांचं भलंमोठं धान्यकोठार आजही उभं आहे. पावसाचा भरवसा नसतो हे या मुलखाला केव्हापासून कळलेलं आहे, याचा तो पुरावा. सांबा भाताची कापणी सुरू झाली की आसपासच्या गावांत रस्ताच खळं होतो. डांबरावर पिवळं भात पसरलेलं असतं, कडेला ताडपत्री गुंडाळून ठेवलेली असते, आणि ज्याचं भात आहे तो माणूस दर थोड्या वेळाने पूर्वेकडे, समुद्राच्या दिशेला बघतो.

तो असा का बघतो? सरकारी खरेदी केंद्रावर भात घेतात ते ओलावा १७ टक्क्यांच्या आत असेल तर. एक रात्र पाऊस झाला की हा आकडा हाताबाहेर जातो. उभं पीक आडवं झालं की लोंब्या पाण्यात कुजतात, दाण्याला तिथल्या तिथे कोंब फुटतात. जानेवारी २०२१ मध्ये कावेरीच्या खोऱ्यात हेच झालं. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुन्हा झालं, आणि केंद्र सरकारला ओलाव्याची मर्यादा शिथिल करावी लागली. या माणसाला 'तमिळनाडूत तुरळक ठिकाणी पाऊस' या वाक्याचा काही उपयोग नाही. कापणीयंत्र आज बोलवायचं की परवापर्यंत थांबायचं? खाचराचं पाणी आज सोडायचं का? खताचा दुसरा हप्ता टाकायचा की दोन दिवस हात आवरायचा? त्याचे प्रश्न हे आहेत, आणि त्यांची उत्तरं आभाळ, माती आणि पीक ही तिन्ही जाणणारा माणूसच देऊ शकतो. कुंभकोणमच्या पलीकडे आडुदुरैला भात संशोधन केंद्र आहे. तिथल्यासारख्या कृषी हवामान केंद्रांतून मंगळवारी आणि शुक्रवारी सल्ला निघतो. जिल्ह्याची केंद्रं होती ती हा सल्ला आणखी खाली, शेताच्या बांधापर्यंत न्यायला.

आता म्हणणं एकेक करून तपासू.

अंदाज चुकतात. हो, चुकतात. २००२ साली खात्याने मोसमी पाऊस सरासरीच्या १०१ टक्के होईल असं सांगितलं, प्रत्यक्षात ८१ टक्के झाला. देश दुष्काळात गेला. पण पुढे काय झालं तेही सांगा ना! वसंत गोवारीकरांच्या पुढाकाराने १९८८ पासून वापरात असलेलं सोळा घटकांचं प्रारूप खात्याने बाजूला ठेवलं आणि नवी पद्धत आणली. अंदाज काय होता, पाऊस किती झाला, फरक किती पडला, हे खातं स्वतःच्या अहवालात दर वर्षी छापतं. आपली चूक आकड्यानिशी छापणारी दुसरी किती कार्यालयं तुम्हाला माहीत आहेत? आपल्याला २००२ ची चूक आज टक्केवारीसकट सांगता येते, तीच मुळी खात्याने तिची नोंद ठेवली म्हणून.

आणि चुकांचा हिशेब मांडायचा तर बरोबर आलेल्याचाही मांडा. १२ नोव्हेंबर १९७७ ला नागपट्टिणमला चक्रीवादळ धडकलं आणि ५६० माणसं गेली. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे 'गाजा' त्याच किनाऱ्यावर, वेदारण्यमजवळ चढलं. पट्टुकोट्टै, पेरावुरणी, ओरत्तनाड भागात नारळाच्या बागाच्या बागा झोपल्या. एका पिढीने लावलेलं एका रात्रीत गेलं. पण इशारे काही दिवस आधीपासून दिले जात होते आणि ऐंशी हजारांहून जास्त माणसं आधीच हलवली होती. मृतांचा आकडा साठच्या घरात राहिला. तो शून्य असायला हवा होता, हे खरंच. पण ५६० आणि साठ यांच्यात जी माणसं जगली, त्यांची नावं कुठल्या बातमीत येत नाहीत. जे घडलं नाही त्याची बातमी होत नाही, आणि या खात्याचं सगळं यश न घडलेल्या गोष्टींत असतं.

पाऊस मोजण्यातली गुंतागुंतही समजून घ्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३ च्या आसपास. एकाच शहरात! तेव्हा मुंबईत डॉप्लर रडार नव्हतं. आभाळाला शिव्या घालणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याआधी सरकारला विचारलं होतं की रडार का नाही? नोव्हेंबर २००८ मध्ये 'निशा' वादळाच्या पावसात तंजावर जिल्ह्यातल्याच ओरत्तनाडला चोवीस तासांत ६६ सेंटिमीटर पडला. डिसेंबर २०२३ मध्ये तुत्तुकुडी जिल्ह्यातल्या कायलपट्टिणमला ९५ सेंटिमीटर. या शेवटच्या पावसानंतर केंद्राचे मंत्री म्हणाले इशारा दिला होता, राज्य म्हणालं इतका पडेल असं सांगितलं नव्हतं. दोघांनी हवामानाचं पत्रक एकमेकांवर उगारलं.

इथे मी खात्यालाही एक गोष्ट सुनावतो. २०४.४ मिलिमीटरच्या वर गेलं की त्याची सगळ्यात वरची श्रेणी सुरू होते आणि तिला वर टोक नाही. २१ सेंटिमीटर आणि ९५ सेंटिमीटर एकाच शब्दात बसतात. ज्याच्या घरात पाणी छातीपर्यंत आलं त्याला हा एकच शब्द पुरत नाही. हे बदललं पाहिजे. पण बदलायचं म्हणजे जास्त रडार, जास्त पर्जन्यमापक, जास्त माणसं. कमी नव्हे.

इशारा दिला आणि कुणी ऐकलाच नाही, तर चूक कोणाची? मे २०२१ मध्ये 'तौक्ते' चक्रीवादळ येतं आहे हे खातं दिवसेंदिवस सांगत होतं. तरीही मुंबईजवळच्या समुद्रातला पी-३०५ हा तराफा सुरक्षित जागी गेला नाही. १७ मे रोजी तो बुडाला आणि सत्तरहून अधिक कामगार मेले. त्या दिवशी छत्री घरी ठेवण्याचा विनोद कोणाला आठवला का?

आता मोबाइल. मोबाइलवर पाऊस दिसतो, मग खातं कशाला, असं विचारणाऱ्यांना मला उलट विचारायचं आहे: त्या काचेत पाऊस येतो कुठून? तमिळनाडूत पापनाशम दोन आहेत. एक हे तंजावरचं, सपाट भाताच्या रानातलं. दुसरं तिरुनेलवेलीचं, ताम्रपर्णीच्या काठी, डोंगराच्या पायथ्याशी. दोघांचा पाऊस वेगळा, हंगाम वेगळा. कोणत्या पापनाशमचं आभाळ आपण बघतो आहोत हे बोटाने टिचकी मारणाऱ्याला तरी ठाऊक असतं का? पण हे सोडा, मूळ मुद्दा याहून मोठा आहे. कारैकालला हवामान खात्याचं केंद्र आहे. तिथून हवेत फुगा सोडतात. त्याला टांगलेलं छोटं यंत्र वर जाताजाता तापमान, आर्द्रता, हवेचा दाब आणि वारा कळवत राहतं. जगभर शेकडो ठिकाणी ठरलेल्या वेळी असे फुगे सुटतात आणि त्यांची मापं देशोदेशी पोचतात. त्यांवर युरोपचं आणि अमेरिकेचं प्रारूप चालतं, आणि त्या प्रारूपांवर तुमचं अॅप. म्हणजे फुगा सरकारी, रडार सरकारी, उपग्रह सरकारी, युरोपचं केंद्र अनेक सरकारांनी मिळून चालवलेलं, अमेरिकेचं प्रारूप तिथल्या करदात्यांचं. अॅपवाल्याने यातलं काय केलं? त्याने चित्र काढलं. चित्र सुबक असेल, त्याला त्याचं श्रेय द्यावं. पण विहीर गावाने खणली आणि पोहऱ्याला रंग दिला म्हणून विहीर रंगाऱ्याची होत नाही.

आणि तो चुकला तर? जुलै २०१७ मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी थेट पोलिसांत तक्रार दिली. चांगल्या पावसाचा अंदाज देऊन वेधशाळेने आम्हाला पेरायला लावलं, बियाण्यांच्या कंपन्यांशी तिचं संगनमत आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. शहरात लोक त्या बातमीवर हसले. मला ती बातमी या देशातल्या सगळ्यात गंभीर कागदांपैकी एक वाटते. त्या शेतकऱ्यांनी अॅपवर तक्रार केली नाही. कोणत्या पोलीस ठाण्यात जाणार, कोणाचं नाव सांगणार? त्यांनी जाब विचारला तो ज्याचा शब्द सरकारचा शब्द आहे त्याला. आणि त्यांचा संशय काय होता, ते पुन्हा वाचा: अंदाजात कोणाचा तरी धंदा मिसळलेला आहे. खात्यावरचा तो संशय मला पटत नाही. पण हीच सेवा उद्या विकाऊ केली, बियाणं, खत, विमा विकणाऱ्यांनी अंदाजही विकला, तर तो संशय घेणाऱ्याला चूक म्हणण्याचा अधिकार कोणाला उरेल?

यंत्रं आपोआप मोजतात, माणूस नको, या मुद्द्यावर जास्त वेळ घालवण्याची गरज नाही. यंत्र पाऊस मोजतं. या पावसात खत टाकू नको, असं ते सांगत नाही. काडीकचरा अडकून यंत्राचं तोंड तुंबलं तर पाऊस पडत असतानाही ते शून्य लिहून मोकळं होतं. आणि वाड्यावस्त्यांतला शेतकरी प्रश्न विचारायला यंत्राकडे जात नाही.

खरा राग मला येतो तो पैसे घेण्याच्या कल्पनेचा. ज्याला हवं त्याने मोजावे, हे वाक्य वरवर किती न्याय्य वाटतं! पण अंदाज ही वाटणी करून खायची गोष्ट नाही. एकाला कळला म्हणून दुसऱ्याचा कमी होत नाही, आणि एकाला कळला नाही तर त्याची झळ सगळ्यांना लागते. वरच्या शेतकऱ्याने पाऊस येणार हे न कळल्याने चुकीच्या दिवशी पाणी सोडलं, तर बुडतो खालच्याचा वाफा. समुद्रावर पैसे भरलेल्याची होडी परत आणायची आणि न भरलेल्याची तिथेच ठेवायची का?

मराठी माणसाने तरी तंजावरच्या मातीत उभं राहून हे बोलू नये. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे इथे राज्य करू लागले, आणि भोसल्यांनी या मुलखात रामेश्वरच्या वाटेवर छत्रं बांधली. ओरत्तनाडचं मुक्तांबाळ छत्र सरफोजीराजांनी उभारलेलं. वाटसरूला तिथे जेवण मिळे, आजाऱ्याला औषध मिळे, मुलांना शिकायला मिळे. तू कोण, किती देणार, असं विचारलं जात नसे. राज्याचा कारभार हातातून जाऊनही सरफोजीराजांनी १८०१ मध्ये रेसिडेंट टोरिनला पत्र लिहून ही छत्रं राखण्यासाठी भांडण केलं. राज्य गेलं तरी चालेल, पण वाटेवरच्या माणसाची सोय मोडू नका! अंदाजाच्या ज्या छत्राखाली आज पाच-सहा एकरांचा शेतकरी उभा आहे, ते मोडायला आपण इतके उतावीळ का झालो आहोत?

हवामान खातं जन्माला आलं तेच मरणांतून. १८६४ मध्ये कलकत्त्याला चक्रीवादळाने हजारो माणसं नेली, १८६६ मध्ये ओडिशात दुष्काळाने लाखो. १५ जानेवारी १८७५ ला भारतीय हवामान खातं स्थापन झालं, हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख. मग १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने मद्रास इलाखा आणि आपलं दख्खन उजाड केलं. त्यानंतरच्या दुष्काळ आयोगाच्या पाठोपाठ, १८८६ साली, मोसमी पावसाचा पहिला दीर्घ मुदतीचा अंदाज निघाला. ते सरकार परकं होतं, पैशापैशाचा हिशेब ठेवणारं होतं. तरी पावसाचा अंदाज विकायचं त्याच्या मनात आलं नाही. १९३२ मध्ये पुण्यात कृषी हवामानशास्त्राचं काम सुरू झालं, एल. ए. रामदास यांनी ते वाढवलं, आणि १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी हवामानाचं पत्रक निघू लागलं. पुण्यात हवामान खात्याच्या सिमला ऑफिसवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

आज ऐकू येणारा वाद इंग्लंडमध्येही होऊन गेला आहे. तिथल्या हवामान खात्याचे प्रमुख फिट्झरॉय यांनी १८६१ मध्ये वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली. विद्वानांनी चुका मोजल्या, शास्त्राचा पाया नाही म्हणाले. त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, इशारे बंद झाले. किनाऱ्यावरच्या लोकांनी ते परत मागितले आणि १८६७ मध्ये ते पुन्हा सुरू करावे लागले. अमेरिकेत २००५ साली एका सेनेटरने विधेयकच आणलं, की खासगी कंपन्या जे देऊ शकतात ते राष्ट्रीय हवामान सेवेने देऊ नये. ते बारगळलं. जिथे जिथे हा बाजार मांडायचा प्रयत्न झाला, तिथे आधी वारा लोकांच्या पैशाने मोजून घेतला आणि मग तोच लोकांना विकायला काढला.

आणखी एक गोष्ट, जी बाजार करूच शकत नाही. पापनाशमचं पोट दोन पावसांवर भरतं. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस थेट शेतावर पडतो. त्याआधीचं पाणी येतं मेट्टूर धरणातून, दर साली १२ जूनला दारं उघडायचा रिवाज आहे. आणि मेट्टूर भरतं ते कोडगू आणि वायनाडच्या डोंगरांत नैऋत्य मोसमी पाऊस पडला तर. म्हणजे पापनाशममध्ये या पाण्यावर होणाऱ्या कुरुवै भाताचं नशीब कर्नाटक-केरळच्या डोंगरावर ठरतं. पाऊस कमी झाला की दोन राज्यं भांडतात: आमच्याकडे पडलाच नाही, एक म्हणतं, पडला होता, दुसरं म्हणतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कर्नाटकने तमिळनाडूसाठी दर वर्षी १७७.२५ टीएमसी पाणी सोडावं असं ठरवलं. दर महिन्याला त्याचा हिशेब पाहणाऱ्या कावेरी जलनियमन समितीत हवामान खात्याचा प्रतिनिधी बसतो. का बसतो? कारण दोन्ही राज्यांनी मान खाली घालून वाचावा असा पावसाचा आकडा त्याच्याकडेच आहे. पैसे देणाऱ्याचा आकडा त्या टेबलावर कोण मानेल?

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि तीत घासाघीस नाही. १९९ जिल्ह्यांतली ती दोन-दोन माणसं परत आणा, आणि कंत्राटावर नव्हे, कायम. जिथे रडार नाही तिथे रडार उभारा. अंदाज तमिळमध्ये, मराठीत, त्या त्या गावच्या बोलीत द्या, आणि त्यासाठी एक पैसाही घेऊ नका. चुकला तर जाब विचारा, विधानसभेत विचारा, पोलिसांत विचारा, पण हिशेब ठेवणाऱ्याला हाकलू नका.

पापनाशमच्या रस्त्यावर भात अजून पसरलेलं आहे. पूर्वेला ढग आहेत की समुद्राची वाफ, हे इथून सांगता येत नाही. कारैकालच्या फुग्याने ते सकाळीच मोजलं आहे. तो आकडा घेऊन या रस्त्यापर्यंत यायला एक माणूस होता. ताडपत्रीशेजारी उकिडवा बसलेला हा शेतकरी त्याच माणसाला विचारायचा.